वायू उडून जातो, मागे काय उरतं: रक्ताच्या नळीवरच्या एका लेपाचं प्रकरण

एक्मोवर, म्हणजे रक्त अंगाबाहेर फिरवून हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर, रुग्ण असला की ते यंत्र सांभाळणाऱ्या पर्फ्युजनिस्टच्या हाताशी टॉर्च लागतोच. दर काही तासांनी तो ऑक्सिजनेटरच्या, म्हणजे रक्तात ऑक्सिजन भरणाऱ्या भागाच्या, कोपऱ्यांवर, नळ्यांच्या जोडांवर, वळणांवर उजेड टाकून बघतो. शोधायचं असतं ते काळं टिपूस किंवा पांढरा दोरा. काळं म्हणजे गुठळी, पांढरं म्हणजे फायब्रिनचा धागा. दिसलं तर लगेच धावपळ होतेच असं नाही. पुढच्या फेरीला ते वाढलंय का, हललंय का, हे बघायचं. हललं आणि रक्ताबरोबर निघालं, तर ते कुठे जाऊन अडकेल याचा नेम नाही.

हे बघावं लागतं, कारण रक्ताला प्लॅस्टिक परकं वाटतं. नळीत रक्त शिरल्यावर काही सेकंदांत रक्तातली प्रथिनं तिच्या भिंतीवर जाऊन बसतात. त्यांत फायब्रिनोजेन असतं, ज्यापासून फायब्रिनचे धागे बनतात ते. ते बसलं की प्लेटलेट चिकटतात, चिकटल्या की चेकाळतात, आपल्यातली रसायनं सोडून आणखी प्लेटलेट बोलावतात. गुठळीची सुरुवात ही अशी. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या मानेतलं डायलिसिसचं कॅथेटर असो, बायपासचं यंत्र असो की एक्मो, गोष्ट तीच.

यावर रुग्णालयाचं उत्तर गेली अनेक दशकं एकच आहे: हेपरिन. ते १९१६ साली सापडलं आणि आजही त्याच्यावाचून चालत नाही. मात्र हेपरिन नळीपुरतं काम करत नाही. नळीत गुठळी होऊ नये म्हणून आपण माणसाच्या अख्ख्या अंगातलं रक्त पातळ ठेवतो. नुकतीच शस्त्रक्रिया झालेला रुग्ण, अपुऱ्या दिवसांचं बाळ, मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असलेला माणूस, यांच्या बाबतीत ही कसरत फार महागात पडते. वर काही रुग्णांमध्ये हेपरिनमुळेच प्लेटलेट घसरतात आणि उलट गुठळ्या होतात. नळीच्या आतल्या बाजूला हेपरिनचा लेप देण्याची कल्पना १९६० च्या दशकातली आहे. आजची बरीच सर्किटं अशा लेपाची असतात. तरीही शिरेतून हेपरिन सतत चालू ठेवावं लागतंच.

मग आपल्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत हा गोंधळ का होत नाही?

पेशींचं अस्तर आणि त्यांचा वायू

रक्तवाहिनीला आतून एंडोथेलियम नावाच्या पेशींचं एकपदरी अस्तर असतं. या पेशी काही पदार्थ सतत सोडत असतात आणि त्यांत एक चक्क वायू आहे: नायट्रिक ऑक्साइड. भूल देताना हुंगवतात तो हसवणारा वायू नायट्रस ऑक्साइड, तो वेगळा. हा गाडीच्या धुरात सापडणारा, हवा बिघडवणारा. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवलं की अस्तराच्या पेशी शाबूत असतील तरच ॲसिटिलकोलिन दिल्यावर धमनी सैलावते, म्हणजे त्या पेशी काहीतरी निरोप पाठवत असणार. तो निरोप नायट्रिक ऑक्साइडचा आहे, हे १९८७ मध्ये कळलं. या शोधमालिकेसाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

हाच वायू प्लेटलेटमध्ये शिरला की तिथल्या एका विकराला जागं करतो, सायक्लिक जीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि प्लेटलेट शांत राहते. भिंतीजवळून जाणाऱ्या प्रत्येक प्लेटलेटला अस्तर जणू पाठीवर हात ठेवून ‘पुढे चल’ म्हणतं. आणि जो वायू रक्तात पुढे जातो त्याला हिमोग्लोबिन क्षणार्धात गिळून टाकतं. या प्रकरणात सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. वायूचा परिणाम भिंतीशी होतो आणि तिथेच संपतो. हेपरिनसारखा तो अंगभर फिरत नाही.

किती वायू लागतो? अस्तराच्या एका चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण ५० ते ४०० पिकोमोल, असा आकडा या क्षेत्रात सगळे धरून चालतात. (मोल हे रेणू मोजायचं माप; पिकोमोल म्हणजे त्याचा लाख कोटीवा भाग.) घनफळात सांगायचं तर मिनिटाला एक ते दहा नॅनोलिटर. एका लिटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोलिटर. इतक्या थोडक्या वायूवर आपलं रक्त वाहतं राहतं.

प्रश्न सोपा वाटतो: प्लॅस्टिकच्या नळीला आतून असा लेप द्यायचा की त्यातून तेवढाच वायू झिरपत राहील. अमेरिकेत ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात हे काम पंचवीस वर्षांहून अधिक काळ चाललं. ते काम म्हणजेच हे प्रकरण. माझ्या वाचनात जैवसुसंगत पदार्थांच्या शाखेत इतकं शिकवणारं दुसरं प्रकरण नाही. प्रत्येक टप्प्यावर वायूनं आपलं काम चोख केलं. अडचण दर वेळी निघाली ती वायू गेल्यावर प्लॅस्टिकमध्ये जे उरलं त्यातून.

सेन्सरचं दुखणं

सुरुवात गुठळीपासून झाली नव्हती, हे ऐकून गंमत वाटेल. मार्क मायरहॉफ हे विश्लेषणात्मक रसायनशास्त्रज्ञ. रक्तातले आयन, ऑक्सिजन वगैरे सतत मोजणारे इवलाले सेन्सर शिरेत बसवायचे, हा त्यांचा विषय. सेन्सर प्रयोगशाळेत उत्तम चालत. रक्तवाहिनीत घातले की त्यांच्यावर प्लेटलेटचा थर चढे आणि मग ते रक्त न मोजता स्वतःभोवतीच्या गुठळीला मोजत. म्हणून १९९७ मध्ये त्यांच्या गटानं सेन्सरच्या पापुद्र्यातच नायट्रिक ऑक्साइड सोडणारं रसायन मिसळून पाहिलं.

त्याच विद्यापीठात रॉबर्ट बार्टलेट होते. १९७५ साली कॅलिफोर्नियात एका नवजात मुलीला एक्मोवर जगवणारे ते हेच. परिचारिकांनी त्या बाळाचं नाव एस्पेरान्झा ठेवलं होतं, स्पॅनिशमध्ये आशा. नळ्यांत होणाऱ्या गुठळ्या हे त्यांचं रोजचं दुखणं. एकाकडे लेप, दुसऱ्याकडे नळी. गाठ पडायला वेळ लागला नाही.

पहिलं रसायन होतं डायझेनियमडायोलेट. नाव अवघड, काम सरळ. एखाद्या अमाइनला, म्हणजे अमोनियाच्या कुळातल्या संयुगाला, दाबाखाली नायट्रिक ऑक्साइड पाजायचा. एक अमाइन दोन रेणू वायू धरून ठेवतो. पुढे पाणी आणि आम्लाचे प्रोटॉन भेटले की वायू सुटतो आणि मूळचा अमाइन परत मोकळा होतो. हे पावडरीसारखं संयुग पॉलिमरमध्ये मिसळायचं, विरघळवून नळीत ओतायचं, निथळवायचं, सुकवायचं. रक्तातलं पाणी हळूहळू लेपात मुरलं की वायू सुटायला लागतो.

वायू सुटला, प्लेटलेट कमी चिकटल्या. आणि मग कुणीतरी लेप भिजवलेलं द्रावण तपासलं.

त्यात मोकळा झालेला अमाइन तर होताच, शिवाय नायट्रोसअमाइन होतं. झालं असं: संयुगाचा काही भाग लेपातून बाहेर झिरपत होता. सुटलेल्या नायट्रिक ऑक्साइडपैकी थोडा ऑक्सिजनशी मिळून असा पदार्थ बनवत होता, जो त्याच अमाइनला जाऊन चिकटतो आणि नायट्रोसअमाइन तयार करतो. नायट्रोसअमाइन ही कर्करोगकारक मंडळी. रक्तदाबाच्या आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्या अलीकडच्या वर्षांत बाजारातून परत घ्याव्या लागल्या त्या याच कुळामुळे. गुठळी टाळायला लावलेला लेप रक्तात थेंबभर का होईना असं काही सोडत असेल, तर पुढे बोलायला नको.

लेप चालला, पण उरलेल्या पदार्थानं घात केला. ही पहिली वेळ.

चार तासांचा ससा

उपाय दोन निघाले. एक, अमाइनला पॉलिमरशी रासायनिक बंधानं बांधून टाकायचं, म्हणजे तो झिरपणार नाही. दुसरा, अमाइनच असा घ्यायचा की त्याला पाण्यापेक्षा तेलकट प्लॅस्टिकच अधिक प्रिय असेल. २००३ मध्ये दुसऱ्या वाटेनं गेलेलं संयुग पुढे आलं. त्याच्या कडेला लांब कर्बसाखळ्या होत्या, त्यामुळे वायू सोडल्यावरही ते लेपातच बसून राही. रक्तात उतरायचं प्रमाण एकदम खाली आलं.

आता इथे तो प्रयोग पाहायला हवा, कारण या क्षेत्रातले बहुतेक निकाल याच एका मांडणीतून आलेले आहेत.

भूल दिलेला ससा. त्याच्या मानेतल्या डाव्या कॅरोटिड धमनीत एक सुई-नळी, उजव्या बाजूच्या जुग्युलर शिरेत दुसरी. दोहोंच्या मध्ये प्लॅस्टिकच्या नळीचा फेरा: पाव इंच व्यासाचे सोळा-सोळा सेंटिमीटरचे दोन तुकडे आणि त्यांच्या मधोमध पाऊण इंचाच्या निम्म्या, म्हणजे तीन अष्टमांश इंच व्यासाचा आठ सेंटिमीटरचा तुकडा. मधला तुकडा मुद्दाम रुंद. तिथे रक्त मंदावतं, घोळ घालतं आणि गुठळीला आयती जागा मिळते. पंप नाही. सशाच्या हृदयाचाच जोर. आणि हेपरिन अजिबात नाही. चार तास रक्त फिरू द्यायचं, मधूनमधून प्लेटलेट मोजायच्या, शेवटी नळी कापून आतल्या गुठळीचं क्षेत्रफळ काढायचं.

साध्या नळीत चार तासांत रक्तातल्या प्लेटलेट चांगल्याच घसरतात. सगळ्या गुठळीत गेलेल्या नसतात. बऱ्याच नळीला टेकून, चेकाळून, खर्ची पडलेल्या असतात. लेपाच्या नळीत त्या टिकल्या. नुसत्या टिकल्या नाहीत, बाहेर काढून प्लेटलेटना चेतवणारं कोलाजन दाखवलं तर गोळा होण्याची त्यांची ताकदही शाबूत होती. म्हणजे वायूनं त्यांना मारलं नव्हतं, भिंतीजवळून जाताना तेवढ्यापुरतं शांत केलं होतं.

एक निकाल मला फार आवडतो. लेपाच्या भिंतीवर फायब्रिनोजेन कमी बसलं असेल अशी कुणाचीही अपेक्षा असेल. तसं नव्हतं; ते साध्या नळीपेक्षा जास्तच बसलेलं आढळलं. म्हणजे भिंत रक्ताला मुळीच आपली वाटत नव्हती. चिकटण्याचं आमंत्रण तसंच होतं, फक्त प्लेटलेट ते घेत नव्हत्या. लेप पृष्ठभागाला ‘गुळगुळीत’ किंवा ‘निष्क्रिय’ करतो असं कुणी लिहिलं तर या आकड्यापाशी ते अडतं.

पण संयुगाच्या अंगचा एक दोष राहिलाच होता. वायू सोडताना ते प्रोटॉन खातं आणि मागे मोकळा अमाइन ठेवतं. अमाइन अल्कलीधर्मी. जितका वायू सुटेल तितका लेप आतून अल्कली होत जाणार, आणि अल्कली वातावरणात वायू सुटणंच थांबतं. साठा अर्धा भरलेला असताना कारखाना बंद! हे टाळायला लेपात बोरेटचे क्षार मिसळले गेले. त्यांनी लेप आम्लाच्या बाजूला ठेवला, वायू सुटत राहिला. मग बोरेटच पेशींना मारक ठरलं.

ही दुसरी वेळ.

बोरेटच्या जागी एक जुना ओळखीचा पदार्थ आणला गेला: विरघळणाऱ्या टाक्यांत वापरतात तो लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्लांचा सहपॉलिमर. तो हळूहळू तुटतो आणि तुटताना आम्ल देतो. अमाइन अल्कली सोडतो, हा आम्ल सोडतो, हिशेब बरोबरीत. या जोडीनं वायू १४ दिवसांपर्यंत सुटत राहिला. रसायनशास्त्रात इतकी साधी आणि इतकी सुबक तोडगाबाजी फार वेळा बघायला मिळत नाही.

हिरवी नळी

तरीही अमाइन तो अमाइनच. म्हणून गटानं रसायनाचं घराणंच बदललं आणि एस-नायट्रोसोथायोलकडे वळला. त्यातलं निवडलेलं संयुग म्हणजे स्नॅप, पूर्ण नावानं एस-नायट्रोसो-एन-ॲसिटिलपेनिसिलामाइन. यात वायू गंधकाला धरून बसलेला असतो. उष्णता, उजेड किंवा तांब्याचे आयन मिळाले की तो सुटतो.

स्नॅपचे स्फटिक गडद हिरवे. लेप दिलेली नळीही हिरवी दिसते. वायू सुटत जातो तसतसा हिरवा रंग फिका होत जातो. कोणतंही यंत्र न लावता साठा किती उरलाय याचा अंदाज देणारा असा दुसरा लेप मला माहीत नाही.

आणि मागे काय उरतं? एन-ॲसिटिलपेनिसिलामाइन आणि त्याचे दोन रेणू जुळून बनलेलं डायसल्फाइड. पेनिसिलामाइन हे विल्सनच्या आजारात तांबं बाहेर काढायला देतात ते औषध. त्याचा हा ॲसिटिल भाऊही जड धातूंच्या विषबाधेत वापरला गेलेला आहे. म्हणजे उरलेला पदार्थ अनोळखी नाही, डॉक्टरांच्या परिचयातला आहे. निवडीमागे इतर कारणं होती, स्वस्त आणि सोपी कृती हे त्यांतलं एक. पण माझ्या मते स्नॅप पुढे गेला तो या कारणानं.

२०१३ चा त्यांचा निबंध बघू. पॉलिमर होतं ईटूएएस, म्हणजे सिलिकॉनची झाक असलेलं पॉलियुरेथेन. त्यात वजनानं १० टक्के स्नॅप. वायू २० दिवसांपर्यंत सुटला. चार तासांच्या सशाच्या प्रयोगात स्नॅपच्या नळीत प्लेटलेट मूळच्या १०० टक्क्यांवर राहिल्या, सात इकडे-तिकडे. नुसत्या पॉलिमरच्या नळीत त्या ६० टक्क्यांवर आल्या, सहा इकडे-तिकडे. चार तासांत शंभरातल्या चाळीस प्लेटलेट गायब होणं आणि एकही न जाणं, हा फरक मोठा आहे.

पण त्याच निबंधात गुठळीच्या क्षेत्रफळाचे आकडेही आहेत: लेपात २.३, साध्यात ३.४, आणि दोन्हींत चढउतार बराच. ससे प्रत्येक गटात चार. फरक आहे, पण प्लेटलेटच्या आकड्यांइतका डोळ्यांत भरणारा नाही. भाषणांच्या स्लाइडवर नेहमी पहिला आलेख मोठा असतो. दुसराही बघावा. प्लेटलेट थांबल्या तरी रक्त गोठवणारी प्रथिनांची साखळी स्वतंत्रपणे चालू राहते आणि तिच्यावर या वायूचा तसा धाक नाही. म्हणून पुढच्या कामात काहींनी वायूबरोबर थ्रॉम्बिन, म्हणजे त्या साखळीतलं फायब्रिन बनवणारं विकर, रोखणारं औषधही लेपात घातलं. ते मला जास्त पटतं.

साठ्याचा हिशेब आपण पोस्टकार्डाच्या पाठीवर करू शकतो. नळीच्या भिंतीवर एक दशांश मिलिमीटर जाडीचा लेप. एका चौरस सेंटिमीटरवर त्याचं वजन साधारण ११ मिलिग्रॅम. त्यात १० टक्के स्नॅप म्हणजे १.१ मिलिग्रॅम. स्नॅपचा रेणुभार २२०, म्हणजे पाच मायक्रोमोल, म्हणजे पन्नास लाख पिकोमोल वायू. मिनिटाला ५०० पिकोमोल सोडले तर दहा हजार मिनिटं, जेमतेम सात दिवस. मिनिटाला १०० नं भागवलं तर पाच आठवडे. हा हिशेब वायू एकसारखा सुटतो असं धरून आहे. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी नळ सोडल्यासारखा सुटतो आणि मग शेपूट लांबत जातं. लेप जाड करावा तर नळी अरुंद होते, लवचिकता जाते. या कोंडीतून रसायन सुटकेचा मार्ग देत नाही. कायमस्वरूपी बसवायच्या कुठल्याही वस्तूला हा साठ्याचा लेप पुरणार नाही, हे इथेच ठरतं.

मग १० टक्के स्नॅप इतके दिवस टिकतो तरी कसा, हे कोडं होतं. द्रावणात तर तो लवकर मोडतो. २०१५ मध्ये उलगडा झाला. सिलिकॉन-पॉलियुरेथेनमध्ये स्नॅप फार तर चारएक टक्के विरघळतो. बाकीचा लेपातच बारीक स्फटिकांच्या रूपात बसलेला असतो. स्फटिकातला स्नॅप धीट, सहसा मोडत नाही. विरघळलेला मोडतो, त्याची जागा भरायला स्फटिकातला थोडा विरघळतो. खडीसाखर गालात ठेवल्यासारखं. कुणी मुद्दाम रचलेलं नव्हतं, आपोआप घडलं आणि नंतर समजलं. पण याचा दुसरा अर्थ असा की रिकाम्या होत जाणाऱ्या स्फटिकांच्या जागी लेपात भोकं राहत जातात, आणि त्यांतून काय आत जातं आणि काय बाहेर येतं याचा जाब प्रत्येक उत्पादकाला द्यावा लागेल.

त्याच वर्षी स्नॅप घातलेलं कॅथेटर मेंढ्यांच्या मानेतल्या शिरेत सात दिवस ठेवून पाहिलं गेलं. गुठळी कमी, आणि पृष्ठभागावरचे जंतू साध्या कॅथेटरच्या तुलनेत सुमारे ९० टक्क्यांनी कमी. जंतूंचा हा फायदा सुरुवातीला कुणी फारसा मनात धरलेला नव्हता. नायट्रिक ऑक्साइड जंतूंना मारतो आणि त्यांनी बांधलेला चिकट थर विस्कटतो. मला वाटतं या तंत्राचं पहिलं खरं गिऱ्हाईक गुठळी नाही, संसर्ग आहे. पण ते पुढे.

नळी झाली, फुप्फुसाचं काय?

सशाच्या प्रयोगात सगळं सर्किट म्हणजे नळी. माणसाच्या एक्मोत नळी हा किरकोळ भाग. रक्ताला सर्वांत जास्त प्लॅस्टिक भेटतं ते ऑक्सिजनेटरमध्ये: केसासारख्या पोकळ तंतूंचा गठ्ठा, मोठ्या माणसासाठी दोन चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग. एक्मोतल्या गुठळ्यांची मुख्य जागाही तीच. तिथे एक दशांश मिलिमीटरचा लेप देता येत नाही. तंतूंच्या भिंतीतून ऑक्सिजन आत आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जायचा असतो. लेप दिला तर फुप्फुसाचंच नाक दाबल्यासारखं.

इथे मात्र लेपाची गरजच नाही. तंतूंच्या पोकळीतून वायू वाहतोच आहे, त्यात थोडा नायट्रिक ऑक्साइड मिसळला की झालं. मागे काहीच उरत नाही! श्वासातून द्यायचा नायट्रिक ऑक्साइड नवजात बाळांसाठी अमेरिकेत १९९९ च्या अखेरीस मंजूर झालेला, म्हणजे सिलिंडर आणि मोजणी यंत्रंही तयार.

लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेत हे मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या बालरुग्णालयांत दोन वर्षांखालची १,३७१ मुलं. निम्म्यांच्या बायपास ऑक्सिजनेटरमध्ये दशलक्ष भागांत २० भाग नायट्रिक ऑक्साइड. निकाल २०२२ मध्ये आला. शस्त्रक्रियेनंतर व्हेंटिलेटरशिवायचे दिवस दोन्ही गटांत जवळपास सारखेच. त्या अभ्यासाचा प्रश्न गुठळ्यांचा नव्हता, मुलं लवकर सावरतात का हा होता, आणि त्या शस्त्रक्रियेत हेपरिन भरपूर दिलेलं असतंच. त्यामुळे लेपाच्या बाजूनं किंवा विरुद्ध तो पुरावा ओढता येणार नाही. पण सशात प्लेटलेट वाचल्या म्हणून बाळ लवकर घरी जाईल, ही उडी किती लांब आहे ते त्या आकड्यांतून कळतं.

चार तासांबद्दलही इथेच बोलतो. चार तास ही बायपास शस्त्रक्रियेची वेळ आहे, एक्मोची नाही. एक्मो दिवसांत, कधी आठवड्यांत मोजतात. बिनहेपरिनचा ससा चार तासांपलीकडे ठेवणं अवघड, म्हणून प्रयोग चार तासांचा झाला, आणि मग वर्षानुवर्षं प्रत्येक नवा लेप त्याच चार तासांत उत्तीर्ण होत राहिला. परीक्षा सोयीची असेल तर अभ्यासक्रमही तिच्याच मापाचा होतो. आमच्याकडे दहावीच्या क्लासवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

साठा संपतो या कोंडीवर दोन वेगळ्या वाटाही निघाल्या. एक तांब्याची: रक्तात मुळातच थोडे नायट्रोसोथायोल असतात; लेपात तांब्याचं संयुग बसवलं की ते त्यांच्यापासून जागेवरच वायू बनवतं. साठाच नको. पण हा कच्चा माल प्रत्येकाच्या रक्तात सारखा नसतो, आणि तांबं सुटून बाहेर आलं तर? पुन्हा उरलेल्याचा, सुटलेल्याचा प्रश्न. दुसरी वाट विजेची: कॅथेटरच्या एका वेगळ्या पोकळीत नायट्राइटचं द्रावण ठेवायचं आणि तारेतून हलका विद्युतदाब देऊन त्याचं नायट्रिक ऑक्साइड करायचं. बटण दाबलं की चालू, सोडलं की बंद. कल्पना देखणी. प्रत्येक कॅथेटरला बॅटरी लावून वॉर्डात फिरवायचं, हे परिचारिकांना विचारून बघावं.

गोदामातला मे महिना

रोजच्या वापरातल्या एक्मो सर्किटांवर हा लेप अजून आलेला नाही. त्यामागे प्रयोगशाळेबाहेरचीही कारणं आहेत आणि ती कमी रंजक असली तरी जास्त जड आहेत. वायू सोडणारी नळी ही नियामकाच्या नजरेत नुसतं उपकरण नसते, ती उपकरण अधिक औषध असते, म्हणजे दोन्हींच्या चाचण्या. गॅमा किरणांनी निर्जंतुक करावं तर गंधकाशी धरलेला वायू सुटायची भीती, म्हणून इथिलीन ऑक्साइडचा वापर. उजेड लागू नये म्हणून अपारदर्शक पाकीट.

आणि तापमान. २०१३ च्या त्याच निबंधात लेप ३७ अंशांना दोन महिने ठेवून पाहिला, ८२ टक्के स्नॅप शिल्लक होता. इतर नायट्रोसोथायोलच्या मानानं हे कौतुकास्पद आहे. पण नागपूर-चंद्रपूरकडच्या औषध वितरकाच्या पत्र्याच्या गोदामात मे महिन्यात ३७ अंश हे पहाटेचं तापमान वाटावं अशी स्थिती असते. म्हणजे शीतसाखळी आली. डायलिसिसचं कॅथेटर लसीसारखं बर्फाच्या पेटीत पाठवायचं म्हटलं की किंमत आणि कटकट दोन्ही वाढतात.

म्हणूनच या प्रकरणातली अलीकडची एक युक्ती मला सगळ्यांत शहाणी वाटते, आणि तिच्यात लेपच नाही. डायलिसिसचं बोगदा कॅथेटर, म्हणजे कातडीखालून बोगदा करून बसवलेलं, रुग्णाच्या छातीत महिनोन्‌महिने असतं. संसर्ग पुष्कळदा शिरतो तो बाहेरच्या तोंडातून, जिथे दर वेळी टोपण काढून मशीनची नळी जोडतात. मायरहॉफ यांच्याच गटानं त्या टोपणाला आतून एक बारीक दांडी जोडली. तिच्यात स्नॅपचा गुलाबी चुलतभाऊ, एस-नायट्रोसोग्लुटाथायोन, आणि जोडीला झिंक ऑक्साइडची पूड. दोन डायलिसिसमधल्या काळात, साधारण तीन दिवस, वायू दांडीच्या भिंतीतून बाहेर येतो आणि कॅथेटरच्या तोंडाशी जंतू वाढू देत नाही. पुढच्या डायलिसिसला तंत्रज्ञ टोपण फिरवून काढतो, नवं लावतो. जुनं टोपण, त्यातली दांडी आणि वायू गेल्यावर दांडीत जे काही उरलं असेल ते, सगळं एकदम कचऱ्याच्या पिशवीत जातं.